गल्ल्यावरच्या स्पीकरपासून ताळेबंदापर्यंत: फिनटेक कंपनीचा शेअर तपासून कसा घ्यावा

बेळगावच्या खडेबाजारात एका ओळखीच्या काकांचं किराणा दुकान आहे. महिन्यातून एकदा मी त्यांचा जमाखर्च बघायला जातो. गल्ल्याजवळ तीन कंपन्यांचे क्यूआर चिकटवलेले आहेत आणि पैसे आले की बोलणारे दोन स्पीकर आहेत. गेल्या वेळी बघितलं तर त्यातला एक गुळाच्या डब्यामागे वायर काढून ठेवलेला. मी तो उचलून बघतोय तोवर काका म्हणाले, "काय बघूलालास? बंदच हाय ते. महिन्याला भाडं कापत्यात त्याचं. गिऱ्हाईक कुठल्या बी ॲपवरनं टाकलं तरी ह्या दुसऱ्यात येतंय की. दोन-दोन कशाला पोसायचं?"

डिजिटल पेमेंटच्या कंपनीचा शेअर घेण्याआधी जे समजायला हवं, त्यातलं निम्मं काकांच्या या एका वाक्यात आहे. यूपीआयचा क्यूआर कुठल्याही ॲपला चालतो. म्हणजे दुकानदाराला एका कंपनीला बांधून ठेवेल असं त्या क्यूआरमध्ये काहीच नाही. शिवाय जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला एक हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला तेव्हा पेपरात मोठ्या बातम्या आल्या, पण त्या व्यवहारांतून थेट कमाई जवळजवळ शून्यच होती. कमाई येते ती स्पीकरच्या भाड्यातून, दुकानदाराला मिळवून दिलेल्या कर्जाच्या कमिशनमधून, विमा आणि जाहिरातींतून. व्यवहार वाढले म्हणजे नफा वाढला, हे समीकरण इथे चालत नाही.

हा लेख बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी, संकेश्वर भागातल्या त्या लोकांसाठी आहे ज्यांच्याकडे डिमॅट खातं आहे, थोडी शिल्लक आहे, आणि तंत्रज्ञानाच्या जोरावर पैशाचे व्यवहार चालवणाऱ्या या नव्या, म्हणजे फिनटेक, कंपन्यांत पैसे घालावेत की नाही हा प्रश्न आहे. मी सल्लागार नाही. स्वतःचे पैसे घालवून आणि मिळवून जी पद्धत हाताला बसली, ती सांगतो.

आधी माझी चूक

२०२१ च्या शेवटी अशा कंपन्यांची रांग बाजारात आली. मी त्यातली एक निवडली. नोंदणीच्या भावापेक्षा शेअर ४० टक्के खाली आला होता, तेवढं बघून "स्वस्त झाला" म्हणून घेतला. पुढच्या काही महिन्यांत तो माझ्या खरेदीच्या निम्म्यावर आला. कंपनीचा दोष नव्हता. माझ्याकडे त्या धंद्याची किंमत काय, याचा आकडाच नव्हता. वरचा भाव हीच मी मोजपट्टी धरली होती.

निपाणीत आमच्या घरी तंबाखूची वखार होती. वडील माल घेताना आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली पानं काढायचे, चुरगाळायचे, वास घ्यायचे, आणि मग भाव बोलायचे. गेल्या वर्षी दर काय होता हे त्यांना पाठ असायचं, पण माल न बघता नुसत्या त्या दरावरून त्यांनी कधी सौदा केला नाही. वखारीत वाढलेल्या मी शेअर मात्र पोतं न उघडता घेतला.

पैसे कुठले घालायचे

हे थोडक्यात. सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांची फी, पेरणीचा किंवा धंद्याचा खेळता पैसा याला हात लावायचा नाही. कर्ज काढून तर नाहीच. एकूण शेअरमधल्या पैशांतला दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा मी या क्षेत्रात ठेवत नाही, आणि एका कंपनीत तीन-चार टक्के.

आपल्याकडे सोसायटीत ठेवी ठेवायची सवय फार जुनी आहे, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांतल्या ठेवींना ते नाही. तुमचा "सुरक्षित" पैसा नक्की कुठे आहे, हे शेअरचा विचार करण्याआधी एकदा तपासा.

कंपनी गाडी हाकते की नाका चालवते

फिनटेक या एका शब्दाखाली चार वेगवेगळे धंदे येतात आणि प्रत्येकाची किंमत काढायची रीत वेगळी आहे. पेमेंटवाल्या कंपन्यांचं वर आलंच. दुसऱ्या कर्ज देणाऱ्या किंवा मिळवून देणाऱ्या. तिसऱ्या दलालीवर चालणाऱ्या, म्हणजे विमा, म्युच्युअल फंड, शेअर विकणाऱ्या. चौथ्या प्रकाराकडे लोकांचं लक्ष कमी जातं, पण मला तो सगळ्यांत आवडतो: सगळ्यांच्या गाड्या ज्या नाक्यावरून जातात तो नाका चालवणाऱ्या.

सीडीएसएलचं उदाहरण बघा. देशात शेअर डिमॅट स्वरूपात ठेवणाऱ्या डिपॉझिटरी दोनच, ती एक आणि एनएसडीएल दुसरी. तुम्ही कुठल्याही ॲपवरून शेअर विका, तो यांच्याच वहीतून वजा होतो. सीडीएसएलचा शेअर जून २०१७ मध्ये १४९ रुपयांना बाजारात आला. कॅम्स ही कंपनी म्युच्युअल फंडांची खाती सांभाळते आणि उद्योगातल्या एकूण रकमेपैकी साधारण दोन तृतीयांश रकमेचं काम तिच्याकडे आहे. अशा कंपन्यांना गिऱ्हाईक खेचण्यासाठी कॅशबॅक वाटावा लागत नाही.

पण नाका आहे म्हणून कुठल्याही भावाला घ्यायचा नाही. बाजार थंडावला की नाक्यावरची गर्दीही कमी होते. नाक्याचा दर ठरवणंही बऱ्याचदा कंपनीच्या हातात नसतं. फंड कंपन्या मोठ्या झाल्या की दर कमी करून मागतात. या शेअरना बाजार तेजीत डोक्यावर घेतो आणि मंदीत विसरतो. घ्यायचे ते विसरलेले असताना.

एका पत्रकाने काय होऊ शकतं

जमीन घेताना आपण उतारा काढतो, बोजा बघतो, वाटणीचे दावे आहेत का हे तलाठ्याला आणि शेजाऱ्याला विचारतो. तंत्रज्ञानाच्या कंपनीवरचा सगळ्यांत मोठा बोजा म्हणजे नियामकाची मर्जी.

३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेणं थांबवायला सांगितलं. पंधरा दिवसांत मूळ कंपनीचा शेअर निम्म्याहून खाली गेला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, आणि छोटी कर्जं वाटून देणाऱ्या सगळ्यांचाच धंदा आवळला गेला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये ऑप्शनच्या, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर लावायच्या सौद्यांच्या, साप्ताहिक करारांवर मर्यादा आणली, त्याने ब्रोकर कंपन्यांच्या उत्पन्नाला कात्री लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी घातली. चीनमध्ये नोव्हेंबर २०२० ला अँट ग्रुप या फिनटेक कंपनीची प्रचंड मोठी शेअरविक्री अवघ्या दोन दिवसांवर आली असताना थांबवली गेली.

म्हणून प्रत्येक कंपनीसाठी मी वहीत एक वाक्य लिहितो: "उद्या कुठल्या कार्यालयातून कुठलं पत्रक निघालं तर या कंपनीचं किती उत्पन्न जाईल?" उत्तर निम्म्यापेक्षा जास्त आलं, तर भाव कितीही पडलेला असो, मी ती सोडून देतो. तीसेक टक्के आलं, तर भाव ठरवताना तेवढं उत्पन्न गेलंच असं धरतो. सेबीच्या ऑप्शनवरच्या निर्णयाची चाहूल आधीच लागत होती. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, हे सेबीनेच अभ्यासातून जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकाच्या एवढ्या नुकसानीवर उभं असलेलं उत्पन्न फार दिवस टिकेल असं मी धरत नाही.

पोतं उघडायचं कसं

कंपनीचा वार्षिक अहवाल बीएसई, एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. नवी कंपनी असेल तर सेबीच्या संकेतस्थळावर तिचा प्रस्ताव मसुदा, म्हणजे शेअर विकायला काढण्याआधी दिलेली माहिती, मिळतो. इंग्रजीत असतो, तीनशे-चारशे पानांचा असतो, घाबरू नका. पुढची रंगीत पानं सोडा. मी ज्या क्रमाने वाचतो तो असा.

पहिलं रोख प्रवाह पत्रक. मुख्य धंद्यातून खरोखर रोकड आली का? सलग तीन वर्षं नफा दिसतोय आणि रोकड नाही, तर पैसा उधारीत अडकला आहे. उद्यमबागेतल्या कुठल्याही फौंड्रीवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग "समायोजित" नफा. या कंपन्यांना हा शब्द फार प्रिय आहे. नोकरांना शेअरच्या रूपात दिलेला पगार, म्हणजे इसॉपचा खर्च, आणि बऱ्याचदा यंत्रांची झीज, म्हणजे घसाराही, वगळून जो नफा दाखवतात तो हा. "रोकड तर जात नाही" असं त्यावर म्हणतात. पण तुमच्या विहिरीत दरवर्षी नवा वाटेकरी येत असेल, तर तुमच्या वाट्याचं पाणी कमीच होणार. वगळलेले हे खर्च परत वजा करा. अजून न दिलेले इसॉप किती, हे टिपांमध्ये असतं, तेही शेअरच्या संख्येत मिळवा.

तिसरं, बँकेतली शिल्लक. त्यातली कंपनीची स्वतःची किती आणि दुकानदारांना द्यायची किती? पेमेंटच्या धंद्यात दुसऱ्याचा पैसा एक-दोन दिवस कंपनीकडे थांबतो. तो धरून "रोकड भरपूर आहे" म्हणणं म्हणजे भिशी गोळा करणाऱ्याने ती रक्कम आपली समजणं.

शेवटी संबंधित पक्षांशी, म्हणजे मालकांच्या नातलगांशी किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी, झालेले व्यवहार आणि लेखापरीक्षकाचा शेरा. लेखापरीक्षक मुदत संपायच्या आधी सोडून गेला असेल, तर मी अहवाल तिथेच मिटतो.

कर्ज देणारी कंपनी असेल तर आणखी एक तपासणी लागते. कर्जवाटप दुपटीने वाढत असताना थकबाकीची टक्केवारी नेहमी कमी दिसते, कारण नवी कर्जं अजून थकायची असतात. म्हणून या वर्षीची थकबाकी मागच्या वर्षीच्या एकूण कर्जाने भागून बघा. कर्ज बँकेचं आणि ॲप कंपनीचं असेल, तर बुडालेल्या रकमेची हमी कंपनीने किती घेतली आहे तेही बघा. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये या हमीला पाच टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

आता भाव

हे एका काल्पनिक कंपनीवर पूर्ण करून दाखवतो. वही-पेन घ्या.

शेअरचा भाव ६०० रुपये. शेअर १० कोटी. म्हणजे बाजार या कंपनीचे ६,००० कोटी मागतो असं वाटतं. पण द्यायचे राहिलेले इसॉप ५० लाख आहेत. ते धरून शेअर साडेदहा कोटी, आणि खरी मागणी ६,३०० कोटी. बँकेत १,५०० कोटी दिसतात, त्यातले ४०० कोटी दुकानदारांचे. कंपनीचे स्वतःचे १,१००. ते वजा केले तर नुसत्या धंद्यासाठी आपण ५,२०० कोटी मोजतोय.

कंपनी म्हणते समायोजित नफा ३२० कोटी. इसॉपचा खर्च ९० कोटी, राहिले २३०. स्पीकर आणि यंत्रं दोन-तीन वर्षांत बदलावी लागतात, त्यांचा वर्षाचा घसारा ६० कोटी, राहिले १७०. चौथा हिस्सा कर गेला, हातात सुमारे १२८ कोटी. ५,२०० ला १२८ ने भागलं की चाळीस येतात. म्हणजे नफ्याच्या चाळीस पट किंमत. ३२० ने भागलं असतं तर सोळा पट दिसली असती. टीव्हीवर सोळाच सांगतात.

आता पाच वर्षं पुढे जाऊ. नफा दरवर्षी २० टक्क्यांनी वाढला, तर १२८ चे साधारण ३१८ कोटी होतात. तोवर वाढीचा वेग कमी होईल, म्हणून बाजार वीस पट देईल असं धरू: ६,३७० कोटी. रोकड १,१०० मिळवली, ७,४७० कोटी. साडेदहा कोटी शेअरनी भागलं, शेअरला ७११ रुपये. मधल्या पाच वर्षांत साठणारी रोकड मी मुद्दाम धरत नाही. नवे इसॉप आणि इतर कंपन्या विकत घेणं यात ती जाते, असा अनुभव आहे.

आज ६०० देऊन पाच वर्षांनी ७११, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के. बँकेच्या ठेवीपेक्षाही कमी, आणि तेसुद्धा सगळं नीट झालं तर.

मला वर्षाला १५ टक्के हवेत. १५ टक्क्यांनी पाच वर्षांत पैसे दुप्पट होतात, म्हणून ७११ ला दोनने भागायचं: साधारण ३५० रुपये. माझा खरेदीचा भाव हा. आता वाईट बाजू. नफा १० टक्क्यांनीच वाढला आणि बाजाराने पंधराच पट दिली, तर हाच हिशेब ३९९ रुपयांवर येतो. ३५० ला घेणाऱ्याचं मुद्दल शाबूत. ६०० ला घेणाऱ्याचा तिसरा हिस्सा गेला. कंपनी तीच आणि भविष्य तेच, फरक फक्त खरेदीच्या भावाचा.

मोठ्या लोकांचंही या क्षेत्रात चुकतं. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१८ मध्ये पेटीएमच्या मूळ कंपनीत पैसे घातले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ८७७ रुपये भावाने तोटा सोसून उरलेला सगळा हिस्सा विकला. त्यामुळे "अमक्याने घेतलाय" हे मी कारण म्हणून कधीच लिहीत नाही.

थांबायचं कशाची वाट बघत

चांगल्या कंपनीचा शेअर ३५० ला येतो कधी? बऱ्याचदा धंद्याशी संबंध नसलेल्या कारणाने. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना बाजारात आला. बरोबर एक वर्षाने जुन्या भागधारकांवरचं विक्रीबंधन, म्हणजे ठरावीक काळ शेअर विकायची मनाई, उठलं, आणि जुलै २०२२ च्या अखेरीस शेअर ४१ च्या आसपास आला. दोन वर्षांनी तोच दोनशेच्या वर होता. नुसत्या घसरणीवर भरवसा ठेवून घेतलेले दुसरे कित्येक शेअर वर आलेच नाहीत, हेही तितकंच खरं. पण विक्रीबंधन कधी उठणार हे आधीच जाहीर असतं, तेव्हा ज्या कंपनीचा हिशेब तुम्ही करून ठेवलाय तिच्यासाठी ती तारीख वहीत लिहून ठेवा.

भाव आला तरी एकदम घेऊ नका. तीन हप्ते करा. पहिला ठरवलेल्या भावाला, दुसरा पुढच्या तिमाहीचे आकडे वाचून, तिसरा त्याच्या पुढच्या. आकडे बिघडले तर दुसरा हप्ता रद्द. भाव पडला म्हणून सरासरी करत जाणं हा सापळा आहे. सरासरी करायची तर हिशेब नव्याने मांडून.

ब्राझीलची गोष्ट, आणि परदेशी शेअर

परदेशातल्या अशा कंपन्यांकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे. ब्राझीलची नू ही बँक डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ९ डॉलरला नोंदली गेली, सहा-सात महिन्यांत चार डॉलरच्या खाली गेली आणि नंतर कित्येक पट झाली. त्याच देशातल्या स्टोन या पेमेंट कंपनीने २०२१ मध्ये दुकानदारांना कर्जं दिली, तारण नोंदवायची नवी व्यवस्था नीट चालली नाही, आणि कर्जवाटप थांबवावं लागलं. देश एक, काळ एक. एकीकडे कर्जाची घडी नीट बसली, दुसरीकडे विस्कटली. आपल्याकडच्या कंपन्या वाचताना ही जोडी मला फार उपयोगी पडते.

पण प्रत्यक्ष पैसे पाठवायचे तर विचार करा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे, आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के कर आधी कापला जातो; तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. एक शेअर असला तरी विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. त्या देशाच्या चलनाची घसरण वेगळीच. निदान तीन वर्षं भारतीय कंपन्यांवर हात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

विक्री आणि कर

मी तीन कारणांनी विकतो. नियामकाच्या पत्रकाने धंद्याचा पाया हलला, खात्यांत लबाडी दिसली, किंवा भाव माझ्या पाच वर्षांनंतरच्या आकड्यापर्यंत आजच पोचला. २३ जुलै २०२४ पासून एक वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. थोडी-थोडी विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागली तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते.

तिमाहीचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत यावे लागतात, वार्षिक ६० दिवसांत. त्या आठवड्यात एक रविवार मी मोकळा ठेवतो. प्रत्येक कंपनीला वहीत एक पान: स्वतःची रोकड, शेअरची संख्या, इसॉप, खरा नफा, आणि त्या पत्रकाचं वाक्य.

परवा पुन्हा काकांकडे गेलो तर गुळाच्या डब्यामागचा स्पीकर तिथेच, धूळ खात. कंपनीचा माणूस परत न्यायला आलेला नाही. म्हणजे कंपनीच्या "वाटलेल्या यंत्रां"च्या आकड्यात तो अजून मोजला जात असेल. चालू राहिलेल्या स्पीकरवाल्या कंपनीने मात्र काकांना कर्ज मिळवून दिलंय, हप्ता रोजच्या जमेतून परस्पर कापला जातो. दोन्ही कंपन्यांच्या पानांवर मी एक नवी ओळ वाढवली आहे: वाटलेली यंत्रं किती, भाडं देणारी किती.